शुक्रवारची गाडी

नितेशने इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं, उलटं केलं आणि दारातून येणाऱ्या उजेडात धरलं. मग करंगळी आतून फिरवली. बोटाला पांढरट-पिवळी साय लागली. ती त्याने अंगठ्याने चोळली, नाकाशी नेऊन हुंगली आणि काहीच बोलला नाही.

भिकाजी गॅरेजच्या दारात उभा होता. गाडीवरून नुकत्याच काढलेल्या सुती आवरणाची घडी त्याने छातीशी धरली होती. हा बोलला असता तर बरं, असं त्याला वाटलं. इतका वेळ नितेश सारखा बोलतच होता. मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन तो गाडीभर फिरला होता, दारांच्या तळाशी, चाकांच्या कमानींत, डिकीच्या कडेला, आणि प्रत्येक ठिकाणी चुंबक पत्र्याला चटकन चिकटलं होतं. कुठे पुट्टी भरलेली नव्हती, कुठे गंज झाकलेला नव्हता. "काका, मानलं तुम्हाला," असं तो दर दोन पावलांनी म्हणत होता. "खाडीच्या काठावर कॉन्टेसा ठेवायची आणि पत्रा असा! आमच्या पोफळीला समुद्राचं नाव नाही, तरी माझ्या फियाटची दारं खालून कुजली."

आता त्याने ते झाकण पुन्हा एकदा उजेडात धरलं.

"मृणाली, जरा इकडे ये."

मृणाली मागच्या सीटवर बसून स्प्रिंगा दाबून पाहत होती. ती रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करायची, आणि समोर आलेली कुठलीही गोष्ट आधी दाबून बघायची तिला सवय होती. गाडी तिला घ्यायची होती. नितेश नुसता सल्ल्याला आला होता, पोफळीच्या वीजगृहातली आपली ड्युटी कुणाच्या तरी गळ्यात घालून.

"हे काय? लोणी?" ती वाकून म्हणाली.

"लोणीच. फक्त हे कढवता येत नाही."

"म्हणजे वाईट?"

"तेलात पाणी गेलंय. ते कुठून गेलं, हा प्रश्न." नितेशने हात फडक्याला पुसले आणि भिकाजीकडे पाहिलं. "काका, रेडिएटरमधलं पाणी कमी होतं का हो? वरचेवर भरावं लागतं?"

"नाही. म्हणजे मला तरी तसं दिसलं नाही. माझं चुकतही असेल."

हे भिकाजीचं पालुपद होतं. रत्नागिरीतल्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'चार चाकं' नावाचा. त्यात त्याचा प्रत्येक संदेश 'माझं चुकत असेल तर सांगावं' इथूनच सुरू व्हायचा आणि त्यापुढे जे असायचं ते कुणी खोडून काढल्याचं आठवत नव्हतं. गाडी उभी करून ठेवायची असेल तर प्लॅस्टिक घालू नका, खालची दमट हवा कोंडते. सुती कापड घाला. हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. चाकाला लाकडी ठोकळा लावा. एक काच बोटभर उघडी ठेवा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा. उंदरांसाठी कापूर ठेवा, आणि तो उरलाय की नाही हे वासावरून ठरवू नका, डोळ्यांनी बघा, नाकाला सवय होते. बोटीवर जाणारे, आखातात जाणारे, मुलांकडे ठाण्या-डोंबिवलीला जाणारे, सगळे गाडी मागे ठेवून निघताना आधी भिकाजीला विचारायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची सारी नोकरी गेली. तिथे पोरं फार तर 'अमुक पुस्तक आलंय का' एवढंच विचारत. इथे माणसं त्याच्या शब्दावर टायर उतरवून ठेवायची. त्याचं त्यालाच कधी कधी हसू यायचं, आणि भीतीही वाटायची.

कारण गाडी त्याची नव्हती. ती त्याच्या शाळासोबत्याची, अस्लमची होती. अस्लम दोह्याच्या बंदरात टगबोटींच्या इंजिनरूममध्ये, सध्या सुट्टीवर आलेला. कर्ल्याच्या या घरात त्याची म्हातारी आई, जन्नतचाची, एकटी राहायची. कैक वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परत जाताना अस्लमने भिकाजीच्या हातात किल्ली ठेवली होती. "दर शुक्रवारी येऊन दहा मिनिटं चालू करत जा रे. नुसती उभी राहिली तर मरेल ती." भिकाजीची बायको मालन जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. 'मला यातलं काही कळत नाही' असं भिकाजी म्हणाला होता. "पुस्तकं वाच की," अस्लम म्हणाला होता. "तुला काय, विमान चालू करायला सांगितलं तरी आधी पुस्तकच शोधशील."

आणि त्याने वाचलं होतं. दर शुक्रवारी परटवण्याहून बसने यायचं, आवरण काढायचं, गाडी चालू करायची आणि स्टिअरिंगमागे बसून राहायचं. शुक्रवारी अस्लमला सुट्टी असे, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. भिकाजी मोबाइल बॉनेटजवळ धरून त्याला इंजिन ऐकवायचा. मग मोबाइल चाचीकडे जायचा आणि चाचीकडून चाय यायचा. चाय पिताना चाची गावातल्या प्रत्येक घराची खबर द्यायची, त्यातल्या निम्म्या माणसांना भिकाजी ओळखत नसे, पण पुढच्या शुक्रवारी त्यांचं पुढे काय झालं हे ऐकायची त्याला ओढ असायची.

"भिकू!" आताही स्वयंपाकघराच्या खिडकीतून चाचीचा आवाज आला. "पाव्हण्यांना पाणी तरी इचारलंस काय रे?"

"विचारतो, चाची."

"इचारू नको मेल्या, ने!"

मृणाली हसली. नितेश हसला नाही. तो तेल मोजायची डिपस्टिक पुसून पुन्हा आत घालत होता.

"मालक कुठायत?" त्याने विचारलं.

"चिरे बघायला गेलाय, गवंड्याला घेऊन. हे गॅरेज पाडून इथे खोली बांधायचीय, न्हाणीघरासकट. चाचीला आता परसातल्या पायऱ्या उतरवत नाहीत." भिकाजी थांबला. "म्हणून तर गाडी काढायचीय. या सुट्टीत गेली तर गेली, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं म्हणतो."

"बरं. काका, मला एक सांगा." नितेशने डिपस्टिक काढली, टोक निरखलं. "गाडी रस्त्यावर किती निघते? महिन्यातून एकदा? शेवटची लांब कुठे नेली होती?"

भिकाजीच्या हातातली घडी जरा सैल झाली.

हा प्रश्न का आला, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गाडी नीट तापेपर्यंत पळत असेल आणि तरीही झाकणाखाली साय धरत असेल, तर पाणी आतून गळतंय, हेड गॅस्केट गेलं असणार. असं इंजिन शहाणा माणूस घेत नाही. 'महिन्यातून एकदा पावसपर्यंत नेतो', एवढं एक वाक्य पुरे होतं. ते त्याच्या तोंडात तयारही झालं होतं. ते बोललं की नितेश मान हलवणार, मृणाली पर्स उचलणार, आणि दोघं त्या फियाटमधून निघून जाणार. भिकाजीच्या नावाला धक्का लागणार नव्हता; गॅस्केट कुणाचंही जातं. गाडी इथेच राहणार होती. पुढच्या शुक्रवारी येऊन त्याला आवरण काढता येणार होतं. निदान आणखी एक वर्ष.

खिडकीत भांडी वाजली. चाची मोरीकडे निघाली असावी. परसातली पहिली पायरी उतरताना ती नेहमी "या अल्ला" म्हणायची, दुसरीला काही म्हणायची नाही, आणि तिसरीला पुन्हा. भिकाजीने दोन्ही ऐकलं.

"चालवत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे कमी चालवता?"

"नाही, मुळीच नाही. अस्लम नसताना गेटाबाहेर ती निघालेलीच नाही. मी दर शुक्रवारी येतो, दहा मिनिटं चालू करतो आणि बंद करतो. बस."

नितेश त्याच्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्ही? अहो, तुम्हीच मला लिहिलं होतंत ना मागे? एक तर अर्धा तास रस्त्यावर पळवा, इंजिन पुरतं तापू दे, नाहीतर हात लावू नका. थंड इंजिन पाच-दहा मिनिटं चालवलं की आत पाण्याची वाफ धरते, ती सुकत नाही, तेलात उतरते. शब्द न् शब्द आठवतोय मला. मी तो मेसेज जपून ठेवलाय."

"लिहिलं होतं."

"मग या गाडीला हे असं...?"

"कळत होतं मला."

मृणालीने साक्षीदार खूप पाहिले असावेत. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला नाही. थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाली, "पण काका, मग रस्त्यावर का नाही काढलीत?"

"मला गाडी चालवता येत नाही."

मृणालीला हसू आवरेना. ते हसू खट्याळ होतं, पण टोचणारं नव्हतं.

"म्हणजे मी क्लच कधी बदलावा म्हणून ज्यांना तीन-तीनदा विचारलं..."

"ते वाचून सांगितलं होतं."

"आणि बरोबर निघालं होतं! लायसन तरी आहे का?"

"लर्निंग काढलं होतं एकदा. परीक्षेच्या दिवशी रांगेतून परत आलो. मागे फार माणसं होती."

नितेश मात्र एव्हाना खाली वाकला होता. त्याने रेडिएटरचं झाकण उघडून आत टॉर्च मारली, पाणी हिरवं स्वच्छ होतं, तेलाचा तवंग नव्हता. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि सायलेन्सरवर बोटांनी टकटक केलं. गंजाचे पापुद्रे त्याच्या छातीवर पडले. एका जागी त्याचं बोटच आत गेलं.

"सायलेन्सर गेला," तो खालून म्हणाला. "आतून कुजलाय. तेच ते पाणी." मग बाहेर येऊन बसला, आणि त्याचा चेहरा आधीपेक्षा मोकळा दिसला. "पण काका, बरं झालं बोललात. पळवता म्हणाला असतात तर मी हिला आता इथून घेऊन गेलो असतो. हे सगळं त्या दहा-दहा मिनिटांचंच दिसतंय. गॅस्केट बहुतेक शाबूत आहे. तेल दोन-तीनदा बदलायचं, सायलेन्सर नवा टाकायचा, आणि दणकून पळवायची."

"म्हणजे घेऊ?" मृणालीने विचारलं.

"पत्रा असा पुन्हा मिळणार नाही. इंजिन काय, दुरुस्त होतं. घे."

मृणालीने गाडीच्या छतावर हात ठेवला, तिथेही एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "घेतली."

भिकाजीने मान डोलावली. मग पाणी आणायला म्हणून घराकडे वळला आणि आवरणाची घडी हातात तशीच असल्याचं त्याला अर्ध्या वाटेत कळलं.

*

अस्लम आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याच्या पँटवर चिऱ्यांची तांबडी धूळ बसली होती. भिकाजी पुढच्या पायरीवर बसला होता. त्याच्या शेजारी टेकून अस्लम पँट झटकू लागला.

"वकीलबाईंचा फोन आला मला खाणीवरच. रविवारी नेणार म्हणे. शाब्बास भिक्या, विकलीस बाबा तू."

"अस्लम, एक सांगायचंय तुला."

"सांग की."

"गाडी मी खराब केली."

आणि मग त्याने सांगितलं, सगळं, क्रमाने, एखाद्या प्रकरणाचा सारांश सांगावा तसं. तेलातली साय, सायलेन्सर, थंड इंजिनात वाफ कशी धरते, हे आपल्याला बऱ्याच वर्षांपूर्वी वाचून कळलं होतं तरी आपण येत कसे राहिलो. अस्लम पँट झटकत ऐकत होता. धूळ जाईना तेव्हा त्याने झटकणं सोडून दिलं.

"माहितीय मला," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"फोनवर ऐकू यायचं ना. तू धरायचास की बॉनेटपाशी. जन्म इंजिनरूममध्ये गेलाय माझा. दुसऱ्याच वर्षी कळलं, हे इंजिन आतून ओलं झालंय."

भिकाजी त्याच्याकडे बघू लागला. "मग बोलला का नाहीस? मी तुला विचारलं होतं, अस्लम. पुस्तकातला तो परिच्छेद वाचून दाखवला होता फोनवर. बंद ठेवू का म्हणून विचारलं होतं."

"होय."

"तू म्हणालास, पुस्तकं लिहिणाऱ्यांना काय कळतंय, चालू करत जा."

"म्हणालो."

आतून पोळ्या भाजल्याचा वास येत होता. अस्लमने एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अम्मा एकटी होती रे. बाया ठेवल्या दोनदा. दोघींना चार दिवसांत पिटाळलं. मला बघायला माणूस लागतंय इतकी मी मोडलेली हाय काय, म्हणे. शेजारी कुणी डोकावलं तरी तिला राग. पण तू यायचास तो गाडीसाठी. गाडीवर काय रागवणार ती?"

"मग तसं सांगायचंस मला. मी आलो असतो."

"आला असतास?"

"म्हणजे काय!"

"भिक्या, खरं बोल. दोनदा आला असतास. तिसऱ्या वेळी बसमधून उतरून उगाच नाक्यावर उभा राहिला असतास, की काही काम नसताना कसं जायचं, घरात एकटी बाई, लोक काय म्हणतील, तिला त्रास नको. आणि पुढच्या बसने परत. माझ्या लग्नात तू मांडवाबाहेर उभा राहिलास आणि आहेर दुसऱ्याच्या हाती आत पाठवलास. आठवतंय काय?"

भिकाजीला आठवत होतं. आहेर कुणाच्या हाती पाठवला तेही आठवत होतं. त्याने चपलेच्या अंगठ्यातलं एक सुटं टोक ओढून काढायचा प्रयत्न केला. ते निघालं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"गाडी सांभाळत होतास."

"कुजवत होतो."

"होय, तेही," अस्लम म्हणाला आणि हसला, शाळेत हसायचा तसाच, खांदे हलवून. मग भिकाजी हसत नाही हे पाहून थांबला. "अरे, गाडी लोखंडाची हाय. दुसरं इंजिन मिळतं."

भिकाजी उठला. खिशातून किल्ली काढून त्याने पायरीवर ठेवली, अस्लमच्या हातात दिली नाही. त्याला राग आला होता, पण नेमका कशाचा ते त्याला ठरवता येईना. आपण फसवले गेलो याचा म्हणावं, तर ज्याने फसवलं त्याच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कापराच्या वड्या बदलताना, बॅटरीची टोकं घासताना, एकाच विषयावरची चार पुस्तकं एकमेकांशी ताडून पाहताना आपल्याला जे वाटायचं ते काय होतं मग? कुणीतरी लहान मुलाच्या हातात काडी देऊन 'तू गाडी हाक' म्हणावं, तसं काहीसं.

"भिकू, चाय झालाय!" आतून हाक आली.

"बस चुकेल, चाची," तो अंगणातूनच म्हणाला. बसला अजून बराच अवकाश होता, हे तिघांनाही माहीत होतं.

*

रविवारी तो गेला नाही. गाडी निघाल्याचा फोटो त्याला ग्रुपवरच दिसला. संगमेश्वरच्या अलीकडे कुठेतरी रस्त्याकडेला उभी, बॉनेट उघडं, आणि मृणाली हाताला तेल फासून कॅमेऱ्याकडे बघत हसतेय. खाली लोकांनी विचारलं होतं, कुणाची होती, पत्रा असा कुणी राखला. नितेशने 'भिकाजीकाका' एवढंच लिहिलं होतं. इंजिनाबद्दल एक शब्द नव्हता.

भिकाजी त्या एका शब्दाकडे बराच वेळ पाहत बसला. मग चष्मा पुसून त्याने लिहायला घेतलं. नेहमीचं पहिलं वाक्य त्याने लिहिलं आणि खोडलं. मग सरळ लिहिलं की पत्रा आपण राखला आणि इंजिन आपणच बिघडवलं; कसं बिघडवलं तेही सविस्तर लिहिलं, म्हणजे दुसऱ्या कुणी तसं करू नये. शेवटी, आपल्याला गाडी चालवता येत नाही, हे सर्वांना माहीत असावं, असंही लिहिलं. पाठवलं आणि मोबाइल उशीखाली ठेवला, जणू तो गरम होणार होता.

संध्याकाळी धीर करून उघडून पाहिलं. चार-सहा जणांनी हात जोडले होते. देवरुखच्या ओमकारने लिहिलं होतं, 'काका ते सगळं ठीक, पण माझ्या जीपचा हँडब्रेक चिकटलाय, त्याचं काय करू तेवढं सांगा.'

भिकाजीने सांगितलं. चाक उचलून मागून हलके ठोके कसे द्यायचे, कुठे द्यायचे, ते सगळं.

अस्लम परत गेला. जाताना त्याचा फोन आला, भिकाजीने घेतला, दोघंही हवेबद्दल बोलले. दोह्यात थंडी आहे, इथे नाही. फोन ठेवताना अस्लम म्हणाला, "बरं मग," आणि भिकाजीही म्हणाला, "बरं मग." गाडीचं नाव कुणी काढलं नाही, शुक्रवारचंही नाही.

आणि शुक्रवार आला. भिकाजी सवयीने लवकर उठला, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसला. बसची वेळ झाली तसा उठला, पुन्हा बसला. कशाला जायचं? काय सांगायचं? आधी वाटलं, थोडी केळी घेऊन जावं; पण केळी द्यायला कुणी कर्ल्यापर्यंत जात नाही. खोलीचं काम कुठवर आलं ते बघायला आलो, असं सांगावं. पण बांधकामातलं आपल्याला काय कळतंय. तब्येतीची चौकशी करायला, असं म्हणावं तर चाची म्हणणार, मला काय झालंय? विचार करता करता बस निघून गेली असावी. मग त्याने पुस्तक उघडलं आणि दुपारपर्यंत एकच पान वाचलं.

अस्लमचं बरोबर होतं. नाक्यावर उतरून परत जाण्याइतकीही मजल गेली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी त्याने काहीच ठरवलं नाही. शर्ट घातला, दाराला कडी लावली आणि बस आली तशी तीत चढला. काय सांगायचं याचा विचार सुरू झाला की तो खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होता, सगळ्या, केशकर्तनालयाच्या, झेरॉक्सच्या, दातांच्या डॉक्टरच्या. खाडी लागली. नाका आला. तो उतरला आणि बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला. आता परतीची बस यायला वेळ होता. चालायला लागण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पाणंदीतून वळताच चाचीच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज ऐकू आला. घरघर सुरू व्हायची, थांबायची, झाकणावर थाप बसायची, पुन्हा घरघर. गॅरेज पडलं होतं. त्या जागी चिरे रचून ठेवले होते आणि पाया आखून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. गवंडी शुक्रवारचा आला नव्हता. भिकाजी त्या रेघांच्या कडेने, त्यांना पाय न लावता, अंगणात गेला. तिथून पुढे जायला त्याला काही सुचेना. आपले हात मोकळे आहेत, त्यांचं काय करायचं, ते त्याला कळेना.

त्याची चाहूल लागली असावी. घरघर एकदम थांबली. चाची पदराला हात पुसत दारात आली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाचीने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग चिऱ्यांकडे.

"गाडी गेली रे," ती म्हणाली.

"हो, चाची."

"गॅरेजचे पत्रे पण नेले भंगारवाल्यानं."

"हो. दिसलं."

एक कोंबडी चुन्याच्या रेघा ओलांडत आली आणि गेली. भिकाजीने घसा साफ केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं त्याला जाणवलं. त्याची नजर फाटकाकडे वळायला आणि चाची बोलायला एकच गाठ पडली.

"बरा आलास तू," ती घाईघाईने म्हणाली. "ता मिक्सर सकाळपासून चालत नाय. तूच बघ जरा. तुला कळतंय त्यातला."

भिकाजीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनगटाला वाटलेल्या ओल्या खोबऱ्याचे पांढरे कण लागलेले होते. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. कोंबडीला हाकलण्यात ती गुंतली होती, कोंबडी कधीच गेलेली असताना.

किती दिवसांपासून, कोण कुणाला, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने ते पुरतं येऊ दिलं नाही.

"बघतो," तो म्हणाला. "पण नंतर. आधी जरा बसतो, चाची."

चाचीने ओटीवरच्या बाकावरचं सूप उचलून आत नेलं. आतूनच तिचा आवाज आला.

"बस की. चाय ठेवलेलाच हाय. मागल्या शुक्रवारचा वाया गेला."